बाबल जल्म्याच्या मागं कोण गेलं

बाबल जल्म्याला 'नाही' म्हणायची आमच्या गावात सोयच नव्हती. जल्मी म्हणजे गावाच्या वतीनं देवाशी बोलणारा माणूस. देवळासमोरच्या मोकळ्या जागेला आम्ही मांड म्हणतो. त्या मांडावर तो नारळ हातात धरून उभा राहायचा, गावाचं गाऱ्हाणं देवाला घालायचा आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागून सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणायचा. रानडुकरांनी भात खाऊ नये, व्हय म्हाराजा. अमक्याच्या सुनेची कूस उजवू दे, व्हय म्हाराजा. तमक्याचा मुलगा बोटीवर गेलाय तो धड परत येऊ दे, व्हय म्हाराजा. बाबलच्या आधी त्याचा बाप सांगायचा आणि बापाच्या आधी आजा. 'व्हय' म्हणायची आमच्या जिभेला पिढ्यान् पिढ्यांची सवय होती.

मी मूळची आमोण्याची. लग्न होऊन गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडण्यात आले, हळर्णच्या पुढं, नदीकाठच्या या गावात. प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून लागले आणि गावच्या तोंडी 'बाई' झाले. नवी नवी होते तेव्हा मला या गाऱ्हाण्याचं हसू यायचं. शाळेचं छप्पर गळत होतं, मी खात्याला तीन अर्ज केले होते. बाबलमामा शाळेच्या दारात आला, चौकटीवर हात ठेवून "कोण कोण आसा?" म्हणाला. एकटी मी असले तरी तो हेच विचारायचा. मग म्हणाला, "बाई, छपराचां सांग." मी सांगितलं. तो म्हणाला, "आता परत सांग." मी चिडून परत सांगितलं. तो हसला आणि गेला. पुढच्या गाऱ्हाण्यात त्यानं देवाला शिक्षणखात्याच्या साहेबाचं नाव हुद्द्यासकट सांगितलं. महिन्यात कौलं आली. मी म्हटलं, माझ्या अर्जांनी आली. गाव म्हणाला, बाबलनं आणली. माझ्या तीन अर्जांना कुत्र्यानंसुद्धा विचारलं नाही.

दोनदा सांगायला लावणं ही त्याची रीतच होती. कुणीही गाऱ्हाणं घेऊन आलं की तो सगळं ऐकून घ्यायचा, सुपारी कातरायचा आणि म्हणायचा, "परत म्हण." का, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "पयल्या खेपेक माणूस रागान सांगता. दुसऱ्या खेपेक खरां सांगता." आणि ते पटावं असंच होत असे. आमच्या शेजारची एक बाई जावेनं कोंबडी चोरली म्हणून आकाशपाताळ एक करत आली होती. परत म्हण म्हटल्यावर ती अडखळली. कोंबडी आपणहून जावेच्या परसात गेली होती, एवढंच निघालं. बाबलनं तिला तसंच परत धाडलं. देवाला एवढ्यातेवढ्यासाठी उठवायचं नाही, म्हणाला.

घरात तो फारसा बोलायचा नाही. त्याची बायको रुक्मिणी म्हणायची, "आमच्या घोवाचो सगळो आवाज मांडार. घरात फकत जेवताना तोंड उघडता." अंगानं काटकुळा, कान मोठे, पायात कधी वहाण नाही. गावाच्या जमिनीवर जल्म्यानं वहाण घालायची नाही असा नियम त्याच्या बापानं घालून दिला होता, आणि विमानतळाचा मोठा रस्ता झाला, डांबर तापायला लागलं, तरी त्यानं तो मोडला नाही. लोक त्याला भीत नसत, पण त्याच्यासमोर खोटं बोलायला कचरत. माझ्यासारखी शिकलेली बाईसुद्धा.

हे सगळं मी आधी सांगते आहे, कारण पुढचं ऐकून कुणी म्हणेल की माणूस मुळातच कच्चा होता. तो कच्चा नव्हता.

आमच्या देवळात दसऱ्याला तरंग निघतं. तरंग म्हणजे उंच काठीला नवी लुगडी नेसवून उभा केलेला देव. त्याच्या टोकाला चांदीचा कळस असतो. सण संपला की लुगडी उतरवून घड्या घालून एका सागवानी पेटीत ठेवतात आणि पेटी बंद करतात. ती पुन्हा उघडायची पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी. मधे नाही. पेटी बंद झाली की देव निजले, असं आमच्याकडं मानतात. कळस मात्र पेटीत जात नाही, त्याचा वेगळा डबा असतो.

त्या वर्षी पेटी बंद झाल्यावर चार दिवसांनी कुणीतरी डबा उघडला, तर कळस नाही.

देवळाच्या सभामंडपाची फरशी तेव्हा नवी घातली जात होती. ते काम करायला मारुती नावाचा गवंडी होता, बेळगावकडचा. विमानतळाच्या कामावर आला, ते संपल्यावर आसपासची बारीकसारीक कामं धरून राहिला. देवळामागच्या खोपीत तो आणि त्याची बायको शांता राहायचे, मुली गावाकडं होत्या. माणूस गरीब, सकाळी कामाला हात लावण्याआधी देवाच्या उंबऱ्याला पाणी घालणारा. पण परका. देवळात दिवसभर वावरणारा परका एकच होता. चोर शोधायला फार अक्कल लागली नाही.

देवस्थान समितीचे अध्यक्ष आपा. गावात जमिनी त्यांच्या, शब्द त्यांचा. त्यांनी पोलिसांत जायचं नाही असं ठरवलं. देवाची वस्तू, देवच बघेल. मारुतीला मांडावर बोलावलं. दुपार टळली होती, सगळा गाव जमला होता आणि बायकांच्या घोळक्यात मीही होते. मारुती हात जोडून उभा राहिला आणि एकच गोष्ट परत परत म्हणत राहिला, "मी न्हाई ओ घेतला. एकदा ती पेटी उघडून बघा की. घडीत ऱ्हायला असंल."

बाबल म्हणाला, "पेटी उघडूची नाय. देव निजलेत."

देवाला विचारायची वाट होती. मूर्तीला पाकळ्या लावून कौल घेता येतो, उजवी पडली तर होकार. गावातली बारीकसारीक कामं आम्ही पाकळीवर करतो, म्हशीच्या खरेदीपासून मुलीच्या लग्नापर्यंत. पेटी मधेच उघडू का, हे तेवढ्या एका पाकळीनं विचारता आलं असतं. त्या दिवशी कुणालाच ते सुचलं नाही. आणि आळ घेणाऱ्या आपांना बाबलनं "परत म्हण" असंही म्हटलं नाही. का म्हटलं नाही, हे त्यानं पुढं मला सांगितलं. एका परक्या गवंड्यानं जल्म्याला पेटी उघडायला सांगावं, याचा त्याला राग आला होता. तेवढंच.

त्यानं गाऱ्हाणं घातलं. "बारा पाचाच्या म्हाराजा! तुज्या माथ्यावयलो कळस ज्या हातान नेलो, तो हात सात दिसांच्या आत तुज्या पायांकडे येवंदी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ना आयलो तर तो हात हात म्हणान उरां नये म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हटलं. तोंडातल्या तोंडात, पण म्हटलं. जिथं शंभर तोंडं म्हणतात तिथं एकशे एकावं तोंड आपसूक हलतं.

दुसऱ्या दिवसापासून मारुतीला काम मिळेना. दुकानदार त्याच्याकडं न बघता वस्तू पुढं सरकवायचा. तिसऱ्या दिवशी तो म्हणायला लागला की उजवा हात जड झालाय. गवंड्याचा हात. शांता त्याला तेल चोळायची आणि देवळाकडं तोंड करून रडायची. गाव सोडून जा असं त्याला कुणीही म्हटलं नाही, आणि तो गेला असता तर चोरी कबूल केल्यासारखं झालं असतं. सहाव्या दिवशी सकाळी तो चिऱ्याच्या जुन्या खाणीत साचलेल्या पाण्यात सापडला. पाय घसरला की कसं, देव जाणे. पोलिसांनी बुडून मृत्यू लिहिलं. शांता एक पत्र्याची ट्रंक घेऊन बेळगावच्या बसनं गेली. तिच्या गावाला बातमी तिच्या आधी पोचली होती. चोराची बायको.

मी लपवत नाही, गावाला त्या दिवसांत अभिमान वाटला. देव जागृत आहे. शेजारच्या गावांतून लोक बाबलकडं यायला लागले, गाड्या करून. त्याच्या शब्दाला इतका भाव कधीच नव्हता. तो स्वतः मात्र त्या दिवसांत सुपारी कातरायचा विसरून नुसता अडकित्ता हातात धरून बसायचा. मी समजले, माणूस थकला.

पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी पेटी उघडली. वरून तिसरं लुगडं, हिरवं. त्याची घडी उलगडताच कळस खाली पडला आणि नव्या फरशीवर गरगरत गेला. मारुतीनंच घातलेल्या फरशीवर. बाबलनं तो उचलला आणि दोन्ही हातांत धरून उभाच राहिला. मग आपा म्हणाले, "देवानच लपयलो. देवाची लीला." आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कळस चिंच लावून घासला, तरंगावर चढवला, दसरा झाला. दसऱ्याचं जेवण मीही जेवले.

बाबलला मात्र तो घास उतरेना. त्यानं जे सुरू केलं त्याला काय म्हणावं, मला कळत नाही. तो आपल्याला दोष देणारा माणूस शोधत फिरू लागला. देवळाच्या भटजींकडं गेला. ते भले गृहस्थ, म्हणाले, "तू निमित्त रे. बोलवणारा तो." आपांकडं गेला. आपा म्हणाले, "जाल्लां गेलां. आता उगाळून कित्यां मेळतलां?" रुक्मिणी म्हणाली, "तुमी गावाचां तोंड. तोंडाक पाप नसता." सगळे त्याची समजूत काढत होते, आणि प्रत्येक समजुतीनंतर तो थोडा आणखी वाकत होता.

माझ्याकडं आला तो शाळा सुटल्यावर. चौकटीवर हात ठेवला, पण "कोण कोण आसा" विचारलं नाही. मी वह्या तपासत होते. तो म्हणाला, "बाई, पोरां चुकली की तू तांबडी रेघ मारतंस मगे?"

"मारतंय."

"माका एक मार."

काय म्हणतोय ते मला कळलं होतं. पण मी हसण्यावारी नेलं. "मामा, तुमी एकट्यान केल्लां काय तां? सगळ्यांनीच केलां." मला वाटलं मी त्याचं ओझं हलकं केलं. "सगळ्यांनी केलां म्हणजे कोणीच करूक नाय, असां जाता बाई," तो म्हणाला आणि निघून गेला. त्या वेळी मी ती एक रेघ मारली असती तर, असं आता पुष्कळ वेळा मनात येतं. आता येऊन उपयोग काय?

ती रेघ मारणारा त्याला नदीपलीकडं भेटला. आमच्याकडं रोज सकाळी सायकलवरून पाव आणणारा कायतान पोदेर हा त्याचा जुना दोस्त. पलीकडच्या वाड्यावर चार ख्रिस्ती घरं आणि एक लहान इगर्ज, म्हणजे चर्च, आहे. बाबल त्याच्यासमोरही हेच बोलला असणार. कायतान म्हणाला, "पाद्रीकडे चल. तो आयकता." बाबल गेला. पाद्रीनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हटलं, "चूक तुझी आहे. पेटी उघडायला नको म्हणालास तो तू. दुसरा कोणी नाही."

बाबलनं हे मला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा वर्षभरानं सैल झालेला दिसला. शिव्या खाऊन आलेला माणूस इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता. "तेंच्यात कुमसार म्हणान आसा, बाई," तो म्हणाला. "पाद्रीकडे आपली चूक आपल्या तोंडान सांगूची. दुसऱ्याची सांगूक गेल्यार तो गप करता. माका तांच व्हयां होतां." मी विचारलं, हे आपल्या देवासमोर नसतं सांगता आलं? तो म्हणाला, "तेच्यासमोर मी गावाचां तोंड घेवन उबो रवतंय. माजां स्वतःचां तोंड माका खंय आसा थंय?"

मी वाद घातला नाही. मला तो बरोबर वाटला असं नाही. आमच्या धर्मात प्रायश्चित्त नाही काय, आहेच की. पण त्याला ते कुणी दिलं नाही हेही खरं. मी तरी कुठं दिलं?

तो दर रविवारी नदी ओलांडून जायला लागला. गावाला कळलं, आणि गावानं न कळल्यासारखं केलं. आपांनी निरोप धाडला, "सकाळी थंय वच, सांजेक हंय ये. कोण विचारता?" हे ऐकून बाहेरच्यांना नवल वाटेल, पण आम्हाला त्यात विशेष काही वाटलं नाही. आमच्याकडं सात बहिणी देवतांची गोष्ट सांगतात, त्यांतली एक बाटून म्हापशाची सायबीण, म्हणजे ख्रिस्ती लोकांची मेरीमाता, झाली. तिच्या फेस्ताला, म्हणजे जत्रेला, हिंदू घरांतून अजून तेल जातं. बाबलच्या जिभेत गावाचं बळ आहे, तेवढी जीभ मांडावर आली म्हणजे झालं. गुडघे तो कुठं का टेकेना.

शिमग्याला तो आला. वहाण न घालता, नारळ घेऊन, नेहमीसारखा. गाऱ्हाणं सुरू केलं, गावानं 'व्हय म्हाराजा' म्हटलं. भात, गुरं, पोरंबाळं, सगळं झालं. मग तो जरा थांबला आणि म्हणाला, "म्हाराजा, मारुती गवंड्यान कळस चोरूक नाय होतो म्हाराजा."

कुणीतरी मागून सवयीनं 'व्हय' म्हटलं आणि अर्ध्यात गिळलं.

"तेका मी मारलो म्हाराजा. आनी ह्या सगळ्यांनी 'व्हय' म्हणान मारलो म्हाराजा. ती चूक आमच्या माथ्यार घे म्हाराजा."

मांडावर शिमग्याची गर्दी. ढोलवाले, पोरं, सासरहून आलेल्या लेकी. आणि एवढ्या माणसांतून एक आवाज नाही. मी बायकांत उभी होते, ओठ घट्ट मिटून. बाबल वाट बघत राहिला. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण त्या वेळात एका पोराच्या हातातली पिपाणी वाजली आणि त्याच्या आईनं ती हिसकावून घेतली. मग बाबलनं नारळ वाकून जमिनीवर ठेवला. म्हणाला, "मगे मी वचतंय. जेका येवचां आसा तेणें येवचां." आणि गर्दीतून वाट काढत नदीच्या बाजूला चालू लागला. त्याला वाट सगळ्यांनी दिली. मागं कोणी गेलं नाही.

त्या ईस्टरला त्यानं बाप्तिस्मा घेतला. पाद्रीनं नवं नाव दिलं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही, त्याच्याही नाही. आता मात्र गाव उठला. पुतण्याला जल्मी केलं. बाबलला विहीर बंद, गिरण बंद, लग्नाचं आमंत्रण बंद. आपा त्याच्या अंगणात उभे राहून ओरडले, "बाबल, तू बाटलंस!"

"बाटलंय," तो म्हणाला. "सायबीण बाटली तिका तुमी तेल व्हरतात. माका पाणी दिवंक कित्याक भियेतात?"

रुक्मिणी घर सोडून गेली नाही की त्याच्या धर्मातही गेली नाही. "तेंचो देव तेंका, माजी तुळस माका," म्हणाली आणि लांबच्या झऱ्यावरून दोघांचं पाणी आणत राहिली.

लोक विचारतात, अशा माणसामागून त्याचे भक्त गेले का? पलीकडं, इगर्जेत, एकही गेला नाही. पण त्याच्या परसात मात्र गेले. पुतण्याच्या गाऱ्हाण्याला गुण येईना. शब्द तेच, पण लोकांना भरवसा वाटेना. मग एकेक जण भर दुपारी, रस्ता सुना बघून, बाबलच्या मागल्या दारी जाऊ लागला. आपाही गेले. त्यांच्या मुलाची किडनी बिघडली होती. रुक्मिणीनं मला नंतर सांगितलं. आपा हात जोडून म्हणाले, "तू खंयच्या देवाक सांगतंस तां तुजां तू बघ. पूण माज्या झिलासाठी एक गाऱ्हाणां घाल." बाबल म्हणाला, "घालतंय. पयली म्हण, मारुतीक आमी मारलो." आपा उभे राहिले, खाली बसले, पुन्हा उभे राहिले आणि तसेच परत गेले. पोटच्या पोरासाठीसुद्धा त्यांच्या तोंडून ते निघालं नाही. येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं हेच सांगितलं, आणि मागल्या दारची वर्दळही थांबली. त्यानं देव बदलला हे आम्ही पचवलं असतं. आम्हाला पचलं नाही ते दुसरंच.

मग त्याच्या डोक्यात शांताचं आलं. ती अजून तिच्या गावात चोराची बायको म्हणून जगत होती. कुणी तिच्या हातचं घेत नव्हतं, थोरल्या मुलीचं लग्न मोडलं होतं. बाबल एकदा एकटा जाऊन आला. तिथल्या चार शहाण्यांनी त्याला सांगितलं, आळ गावानं घेतला, तो गावानं येऊन उतरवावा. धर्म सोडलेल्या एकट्या माणसाच्या शब्दावर आम्ही काय करायचं? त्यात त्यांचंही काही चूक नव्हतं.

तो घरोघर फिरला. आधी म्हणाला, पाच माणसं द्या, पाच मानकरी. मग म्हणाला, पाच नको, एक द्या. ज्यानं मांडावर 'व्हय' म्हटलं असा एक. कायतान यायला तयार होता, पण त्याला तो म्हणाला, "तू 'व्हय' म्हटलां नाय होतांस. तुजां काम नाय." मुद्दाम रविवार धरला, कुणाचं काम बुडू नये म्हणून. त्या रविवारी त्याची इगर्जेतली प्रार्थना बुडणार होती.

माझ्याकडं सगळ्यात शेवटी आला. तू बाई आहेस, तुझ्या शब्दाला वजन आहे, असलं काही बोलला नाही. म्हणाला, "तू थंय होतंस."

"होतंय मामा."

"येतंस?"

मी म्हटलं, "शाळेचां काम आसा. खात्यान माहिती मागल्या, ती रविवारी बसान भरूक व्हयी."

त्यानं मला परत म्हणायला लावलं नाही. मान हलवली आणि गेला.

पुढचं थोडक्यात सांगते. तो एकटाच गेला. तिथं त्याचं पुन्हा कुणी ऐकलं नाही. परत आला तो तापानं फणफणलेला, कायतानच्या घरी उतरला आणि पंधरा दिवसांत गेला. पलीकडच्या सिमितेरीत त्याला पुरलं. रुक्मिणी गेली होती, आमच्यापैकी तेवढी एकटीच. शांता अजून तिथंच आहे, तशीच.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्या रविवारी. सकाळी उठल्यावर मला घरात बसवेना. सांगितलेलं खोटं निदान खरं तरी करावं म्हणून मी शाळेत गेले, कुलूप काढलं, रिकाम्या वर्गात खुर्चीवर बसले. भरायची माहिती काहीच नव्हती. शाळेच्या खिडकीतून बसथांबा समोर दिसतो. बाबलमामा तिथं उभा होता. हातात नारळांची पिशवी, अंगात धुतलेला सदरा, आणि पायांत वहाणा. गावच्या रस्त्यावर वहाणा घातलेला तो मी पहिल्यांदा पाहिला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं होती आणि प्रत्येक घराची दारं लावलेली होती. रविवारी सकाळी आमच्या गावात दारं लावलेली नसतात.

बस आली. त्यानं एक पाय पायरीवर ठेवला आणि मागं वळून रस्ता बघितला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वाहक ओरडला, "मामा, चडतलो काय ना?" तो म्हणाला, "राव रे थोडो, कोण तरी येयत." बस थांबली. वाहकानं घंटीच्या दोरीवर हात ठेवला होता, पण ओढली नाही. मग बाबलमामाची नजर शाळेकडं वळली. कुलूप नसलेलं दार त्याला दिसलं असणार, आणि उघडी खिडकी, आणि खिडकीत मी. त्यानं हाक मारली नाही. मी उठले असते तर वीस पावलांचा रस्ता होता. मी टेबलावरची वही ओढली आणि तिच्या कोऱ्या पानावर काहीतरी लिहायला लागले.